एसयूव्हीचा पहिला मेळावा आणि सोपा ऑफ-रोड ड्राइव्ह: आखणी कशी करावी?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १४ गाड्यांचा गट जमला आहे. ५ लो रेंजवाल्या (म्हणजे जोर वाढवून गाडी अगदी सावकाश नेणारे जादा गिअर असलेल्या) फोर बाय फोर, ४ ऑल-व्हील ड्राइव्ह पण लो रेंज नसलेल्या, आणि उरलेल्या ५ दिसायला एसयूव्ही असल्या तरी ओढणारी फक्त पुढची चाकं. बहुतेकांनी डांबर कधी सोडलेलं नाही. बेत दोन टप्प्यांचा आहे. आधी एका सकाळी सपाट मोकळ्या मैदानात भेटायचं, मग तीन-चार आठवड्यांनी दिवसभराचा सोपा ड्राइव्ह. गाड्या चिखलात लोळवायच्या नाहीत. संध्याकाळी प्रत्येकाने सकाळी आणलेल्या बंपरसकट घरी जावं, एवढीच अपेक्षा.

अडलंय ते असं: टू-व्हील ड्राइव्हवाल्यांना घ्यावं का? दिवसाला किती अंतर धरावं? मेळाव्यात काय करून घ्यावं, म्हणजे फोटो काढून पांगापांग होणार नाही? आणि रिकव्हरीचं, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायचं, सामान कमीत कमी किती, कोणाच्या गाडीत? "लागेल ते सगळं घ्या" हे उत्तर नको, आकडे द्या.

लो_रेंज

आधी तो १४ चा आकडा मोडा. नवखा चालक अडथळ्यापाशी आला की थांबतो, उतरतो, बघतो, परत बसतो, मग कोणीतरी हातवारे करत त्याला पार नेतो. यात चार मिनिटं जातातच. १४ गाड्यांची ५६ मिनिटं झाली, तीही एका ओहोळाला. वाटेत असे पाच अडथळे असले की साडेचार तासांहून जास्त वेळ नुसता रांगेत उभं राहण्यात गेला. सात-सातचे दोन ताफे करा, अर्ध्या तासाच्या फरकाने सोडा, प्रत्येकाला वेगळी लीड (सर्वांत पुढची) गाडी आणि वेगळी स्वीप (सर्वांत मागची) गाडी द्या. फोर बाय फोर ५ आहेत, म्हणजे चार या कामाला आणि एक मोकळी.

अंतर: थांबे धरून कच्च्या वाटेवर ताशी ८ ते १० किमी पडतात. दिवसाला २०-२५ किमी कच्चा रस्ता भरपूर झाला. नकाशावर हे किरकोळ दिसतं, म्हणून कोणीतरी हमखास "अजून थोडं वाढवू" म्हणतं. वाढवू नका. अंधार पडण्याच्या दोन तास आधी शेवटची गाडी डांबराला लागली पाहिजे. एखादी गाडी रुतलीच, तर तिला काढायला हेच दोन तास कामी येतात.

टू-व्हीलवाल्यांना घ्या, पण मग वाट त्यांच्या मापाची निवडा. सपाट मुरमावर आणि सुक्या चाकोरीत त्या निवांत चालतात. त्यांची गोची चढावर होते. चढाला वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओढणारी नेमकी तीच असतात. सुटी खडी असेल तर ८-१० अंशांपुढचा चढ त्यांच्या वाटेला आणू नका. अंश मोजायला फोनमधलं लेव्हलचं ॲप आणि एक सरळ फळी पुरते. आडवा कल, म्हणजे गाडी एका कुशीवर झुकते तो, सगळ्यांसाठीच १० अंशांच्या आत ठेवा. गाडी याहून बरंच सोसते. आतला नवखा सोसत नाही. गाडी घसरायला लागली की स्टिअरिंग उताराकडे वळवायला हवं, तो घाबरून वरच्या बाजूला ओढतो.

रेकी, म्हणजे वाट आधी जाऊन पाहणं, दोनदा करा. एकदा तीन आठवडे आधी, दुसऱ्यांदा शेवटच्या ४८ तासांत. मध्ये जोराचा पाऊस झाला तर पहिली रेकी रद्द समजा. दोन्ही वेळा दोन गाड्या न्या. सोबत १७ सेंमीची काठी ठेवा. कंपनी २०० मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते तेव्हा गाडी रिकामी की भरलेली हे आधी वाचा. चार माणसं आणि सामान चढलं की दोन-तीन सेंमी सहज जातात. मधल्या वरंब्याला लागून चाकोरीच्या तळाशी काठी उभी धरायची. वरंबा किंवा त्यातला दगड काठीच्या वर निघाला, तर तिथे कोणाचं तरी पोट घासणार. वाट बदला, नाहीतर चाकं चाकोरीत न घालता वरंब्यावर आणि कडेवर ठेवायला लावा.

दर ३-४ किमीवर डांबराकडे सुटायची एक वाट आणि गाडी वळवता येईल अशी एक जागा नोंदवून ठेवा. जमीन खासगी असेल तर मालकाची, वनखात्याची असेल तर त्यांची लेखी परवानगी, गाड्यांच्या संख्येसकट. विमा पॉलिसीत ऑफ-रोडचं कलम आहे का, हे ज्याचं त्याने वाचावं; पण वाचायची आठवण आयोजकाने करायची.

पाना_एकोणीस

मेळाव्याबद्दल. प्रत्येक गाडीला १० मिनिटं, दोन जण तपासणारे. मालकाने स्वतःच्या हातांनी करायचं, तपासणाऱ्याने फक्त बघायचं. बाकी कार्यक्रम नसला तरी चालेल.

सुरुवात टो हूकपासून. टूलकिटमधून काढा, बंपरवरची छोटी टोपी उघडा आणि हाताने पूर्ण आत फिरवून दाखवा. बऱ्याच गाड्यांत इथे उलटा आटा असतो. ज्याला ते ठाऊक नाही तो ऐनवेळी चिखलात गुडघे टेकून हूक उलट्या दिशेने फिरवत बसतो आणि आटा खराब करतो. आट्यात माती किंवा रंग बसला असेल तर इथेच साफ करा. शेवटचा वेढा पान्याने आवळायचा. हा हूक कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, ते खाली कोणीतरी लिहीलच.

दुसरं स्टेपनी. हवा मोजा; वर्षभर कोणी बघितलेली नसते. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला लटकत असेल तर ती खाली उतरवून परत वर घ्या, कारण ती चरखी गंजून बसलेली असण्याची शक्यता मोठी. बारीक, तात्पुरती स्टेपनी कच्च्या रस्त्यासाठी नाही, आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये वेगळ्या व्यासाचं चाक जास्त वेळ चालवलं तर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो. स्टेपनीऐवजी नुसतं सीलंट असेल तर लक्षात ठेवा, सीलंट खिळ्याचं भोक बुजवतं, टायरच्या कुशीची चीर नाही. अशी गाडी त्याच मापाचं चाक असलेल्या गाडीबरोबर एकाच ताफ्यात ठेवा.

मग लॉक नटची चावी. अलॉय व्हीलला चोरांपासून वाचवणारा एक नट असतो, त्याची छोटी चावी. ती घरच्या ड्रॉवरमध्ये असते. ती नसेल तर बाकीचं सगळं सामान असूनही चाक निघत नाही. प्रत्येकाने एक चाक प्रत्यक्ष सैल करून परत आवळावं. सर्व्हिसमध्ये एअर गनने आवळलेले नट गाडीतल्या आखूड पान्याने हलतात का, हेही त्यात कळतं. नाही हलले तर अर्ध्या मीटरचा पाना किंवा पाइप घ्या. जॅकखाली घालायला ३० × ३० सेंमीचा जाड प्लायचा तुकडा. मऊ जमिनीत त्याच्याशिवाय गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

टायरची नक्षी ३ मिमीहून कमी असेल तर या ड्राइव्हला नाही म्हणा. बॉनेट उघडून इंजिनात हवा कुठून जाते ते प्रत्येकाने बोट ठेवून दाखवावं. एअर फिल्टरच्या डब्यापासून नळी मागे-मागे धरत गेलं की तिचं तोंड सापडतं, बरेचदा ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटच्या उंचीला. ते तोंड जमिनीपासून किती सेंमीवर आहे ते मोजून लिहून ठेवा. पुढे पाण्याची गोष्ट निघेल तेव्हा हा आकडा लागेल.

सम्पखालच्या (इंजिन ऑइलच्या तळाच्या भांड्याखालच्या) प्लॅस्टिक कव्हरचे क्लिप तुटून ते लोंबत असेल, तर ते बसवा किंवा काढूनच ठेवा. लोंबतं कव्हर मातीचा फावडा होऊन पुढून उकलत जातं.

शेवटी हवा कमी करून परत भरण्याचा सराव. आणि इथेही एक गणित: १४ गाड्या, ५६ टायर, एका टायरला ४ मिनिटं, म्हणजे एका कंप्रेसरवर पावणेचार तास. दर ताफ्याला निदान दोन, बॅटरीला थेट चिमटे लावणारे. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपिअरचा असतो. मोठा कंप्रेसर तिथे लावला की फ्यूज जातो, छोटा लावला की तीन टायरांत तापून थांबतो. भरताना इंजिन चालू.

चाकोरीबाहेर

आभार, हे छापूनच ठेवतो. एक शंका. वाट बरीचशी कडक मुरूम आणि थोडी वाळू. त्यासाठी सगळ्यांची हवा कमी करायची गरज आहे का? काहींच्या गाडीला १८ इंची रिम आणि बुटके टायर आहेत.

हवा_कमी

आहे. रुतण्यापासून वाचवणारा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो. म्हणजे चाक थोडंसं रणगाड्याच्या पट्ट्यासारखं वागायला लागतं, वजन पसरतं, आणि खडबडीवर गाडी आपटायची थांबते.

रस्त्यावर ३३ पीएसआय असेल तर मुरूम-खडीला २६-२८, टोकदार दगडांना २४-२६, चिखलाला २०-२४, मऊ वाळूला १६-१८. दगडांना फार खाली जाऊ नका, कूस फुगून बाहेर येते आणि धारदार कडा तिलाच चिरते. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नये. वळताना टायर रिमवरून निसटतो आणि मग तो जागेवर बसवणं नवख्याचं काम नाही. बुटक्या टायरवाल्यांना २६ ही खालची मर्यादा सांगा. त्यांच्या टायरला दबायला जागाच कमी, एका खड्ड्यात रिम वाकते. शक्य असेल तर त्यांना वाळूच्या टप्प्यातून वगळून बाजूच्या वाटेने न्या.

आकडे थंड टायरवर मोजायचे. डांबरावरून ४० किमी येऊन लगेच मोजलं तर ३-४ पीएसआय जास्तच दिसतात, आणि "२६ केली" म्हणणाऱ्याची खरी हवा थंड झाल्यावर २३ भरते. थांबायला वेळ नसेल तर तो फरक धरूनच सोडा. सगळ्या ताफ्याला एकच गेज वापरा. दोन गेज सहसा एकसारखं बोलत नाहीत, आणि इथे आपल्याला चारही टायर सारखे हवेत.

हवा कमी असताना वेग: २५ च्या आसपास ५० किमीपर्यंत, १८ ला ३०, आणि स्टिअरिंग झटक्याने नाही. डॅशवर टायरचा पिवळा दिवा लागेल, लागू द्या. डांबराला लागलं की आधी हवा भरायची, मग निरोप घ्यायचा. या क्रमाने न केल्यास निम्मे लोक तशीच गाडी हायवेला नेतात, आणि कमी हवेचा टायर वेगात आतून तापून फुटतो.

शेवटची_गाडी

+१. आता ताफा.

सगळे लीड कोण होणार यावर भांडतात. मला विचाराल तर सर्वांत जाणता चालक स्वीपला द्या. लीडने वाट पाहिलेली असते, त्याला पुढे जायचंय एवढंच. जे काही बिघडतं ते मागे बिघडतं, आणि तिथे सामान, कंप्रेसर, प्रथमोपचार पेटी आणि डोकं शांत असलेला माणूस असावा लागतो. टू-व्हील गाड्या दोन फोर बाय फोरच्या मध्ये, आणि सर्वांत नवखा लीडच्या लगेच मागे. त्याला चाकाची रेघ दिसते आणि लीडलाही आरशात तो दिसतो.

एकच नियम सगळ्यांच्या डोक्यात बसवा: मागची गाडी दिसत राहील ही जबाबदारी पुढच्याची. फाटा आला की थांबायचं, मागच्याने आपण कुठे वळतोय ते पाहिलं की निघायचं. प्रत्येकाने हे पाळलं तर कोणी चुकत नाही, नेटवर्क असो वा नसो. पुढच्याला गाठायचा प्रयत्न करायचा नाही, धुळीत अपघात त्यातूनच होतात. धूळ असेल तर ती बसेपर्यंत अंतर ठेवा, दिवसाही हेडलाइट चालू. चढ, उतार आणि पाणी यांवर एका वेळी एकच गाडी. वरची गाडी पूर्ण बाहेर पडून बाजूला लागल्याशिवाय खालच्याने चाक लावायचं नाही.

वॉकीटॉकी निदान लीड, स्वीप आणि मधल्या एका गाडीत. खोक्यावर छापलेली किलोमीटरांची रेंज मोकळ्या सपाटीची असते. झाडी आणि वळणं असली की एक-दीड किमी मिळाले तरी खूप. परवाना न लागणारे बँड देशागणिक वेगळे आहेत, युरोपातला सेट दुसरीकडे कायदेशीर असेलच असं नाही. विकत घेण्यापूर्वी आपल्याकडचा नियम बघा. बोलायचं कमी: "सात पार, रस्ता मोकळा", बस. गाणी फोनवर ऐका.

निघण्याआधी १० मिनिटांची बैठक घ्या. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो. बेल्ट ताशी ५ किमीलाही. सनरूफमधून कोणी उभं राहणार नाही, मुलं तर नाहीच. वाळक्या गवतावर गाडी उभी करायची नाही, डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर साठलेली काजळी जाळून साफ होत असेल तर खालचे पाइप गवत पेटवतात. स्वीपमध्ये २ किलोचं पावडरचं अग्निशामक हवंच.

चालवण्याबद्दल थोडं. पार्ट-टाइम (चारही चाकांचा जोर लिव्हरने जोडायची) फोर बाय फोर डांबरावर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडलेल्या हाय रेंजमध्ये, ठेवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मधे डिफरन्शियल (वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसल्याने तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये साठतो, मग लिव्हर निघत नाही. लो रेंज गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकायची. उताराला पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, ब्रेक अगदी हलका. चढावर गाडी थांबलीच तर क्लच दाबून सोडायची नाही. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका, सरळ रेषेत मागे या. आडवी वळवण्याच्या नादातच गाड्या कलंडतात.

लो रेंज नसलेल्या ऑटोमॅटिकवाल्यांना वेगळं सांगा. ड्राय क्लचचा ड्युअल-क्लच (दोन क्लचचा) गिअरबॉक्स असेल तर चढावर रांगत राहिल्याने क्लच तापतो. तसंच अनेक ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागच्या चाकांना जोर पोचवणारा क्लचपॅक सतत घसरत राहिला की तापून सुटतो आणि गाडी गुपचूप टू-व्हील होते. इशारा आला तर १५ मिनिटं थांबा, काही मोडलेलं नसतं.

फावडं_आधी

रिकव्हरीवर लिहितो, कारण या प्रकारात पट्टा ओढताना माणसं जखमी होतात.

रुतलेल्या गाडीला पट्टा लावणं हा चौथा उपाय आहे. पहिला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढणं. चाक जागच्या जागी फिरलं की ते स्वतःचाच खड्डा खणतं, आणि दहा सेकंदांच्या हट्टाने गाडी चेसीवर बसते. दुसरा, माणसं उतरवून, हवा आणखी ३-४ पीएसआय कमी करून, आलेल्या चाकोरीतूनच मागे येणं. तिसरा, फावडं: चारही चाकांच्या समोरचा उतार खणून सपाट करायचा आणि पोटाखालची माती बाहेर काढायची. लोक चाकांपुढचं खणतात आणि पोटाखालचं विसरतात, मग वजन पोटावरच राहतं आणि चाकं हवेत फिरतात. प्लॅस्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या असतील तर चाकाखाली पाचरीसारख्या घट्ट खुपसा आणि गाडी अगदी सावकाश घ्या. चाक घसरलं तर पट्टीचे दात वितळतात, पट्टी गोळीसारखी मागे उडते. मागे कोणी उभं नको.

खणायचं कशासाठी, तर ओढ कमी करण्यासाठी. सैन्याच्या रिकव्हरीच्या ढोबळ हिशोबात चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाएवढी, मडगार्डपर्यंत रुतलेलीला दुप्पट ओढ धरतात. दोन टनी गाडीला चार टन. दहा मिनिटं खणलं तर हा आकडा निम्म्यावर येतो.

आता पट्टे. दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. पॉलिएस्टरचा टो पट्टा ताणत नाही, तो सपाटीवर बंद गाडी हळू ओढायला. नायलॉनचा स्नॅच पट्टा २० टक्क्यांच्या आसपास ताणतो आणि त्या ताणाने रुतलेली गाडी उचकटतो. टो पट्ट्याला झटका दिला तर हूक, चेसी किंवा पट्टा, तिन्हींपैकी एक तुटतं. स्नॅच पट्टा ९ मीटरचा, तुटण्याची मर्यादा हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट. तुमच्या गटाला ८ टनांचा बरोबर बसेल. "जास्त टनांचा जास्त सुरक्षित" असं नाही, ११ टनांचा पट्टा हलक्या गाडीवर ताणतच नाही आणि टो पट्ट्यासारखा झटका देतो.

लावायचा कुठे? चेसीला बोल्ट केलेल्या, रिकव्हरीसाठी म्हणून दिलेल्या पॉइंटला. टोइंग बॉलला (मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही. तो तुटून काचेतून आत आला आणि माणसं गेली, असं जगभर घडलेलं आहे. पोटाखालचे बारीक कडे ट्रकवर गाडी बांधायला असतात, तेही नाही. आणि वर पाना यांनी फिरवायला लावलेला तो आट्याचा हूक: सरळ रेषेत, सावकाश, खणून मोकळ्या केलेल्या गाडीला ओढायला चालेल. स्नॅचच्या झटक्याला नाही, तिरक्या ओढीला तर नाहीच, तो वाकतो. तुमच्या १४ पैकी निदान ९ गाड्यांना हाच एक हूक असेल, म्हणून तुमच्या ड्राइव्हचा खरा रिकव्हरी प्लॅन फावडं, पट्ट्या आणि हळू ओढ हाच आहे. स्नॅच फक्त लो रेंजवाल्या पाच जणांत.

शॅकल (पट्टा अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) ४.७५ टनांची, पिन आवळून पाव वेढा सैल. शॅकलवर छापलेला आकडा काम करण्याचा भार असतो, पट्ट्यावरचा आकडा तुटण्याचा. दोन्हींची तुलना करून "शॅकल कमी पडते" म्हणू नका. दोन पट्टे जोडायला मधे शॅकल घालायची नाही. पट्टा तुटला तर ती तोफगोळा होते. एकाचा फास दुसऱ्यातून ओवून, मध्ये गुंडाळलेलं मासिक ठेवा, म्हणजे नंतर सुटतो.

स्नॅचने ओढताना: पट्ट्यात दोन-तीन मीटर ढील, मधोमध ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाकलेलं. बघे पट्ट्याच्या दीडपट लांबीच्या बाहेर, म्हणजे ९ मीटरला १४ मीटर, आणि पट्ट्याच्या रेषेत कोणीच नाही. ओढणारी गाडी लो रेंजच्या दुसऱ्या गिअरला, वेग माणसाच्या धावण्याएवढा. दोनदा निघाली नाही तर तिसरा झटका न देता परत खणा. नायलॉन प्रत्येक झटक्याला तापतं आणि कमकुवत होतं.

म्हणजे दर ताफ्याला यादी: लांब दांड्याची फावडी २, रिकव्हरी पट्ट्यांची १ जोडी, टो पट्टा १, स्नॅच पट्टा १, शॅकल किंवा सॉफ्ट (दोराची) शॅकल २, जाड हातमोजे ३ जोड. सगळं स्वीपमध्ये, एक फावडं लीडमध्ये. विंच (गाडी ओढणारी तारेची चरखी) नको. ते चालवणं वेगळं शिकायला लागतं.

चाकोरीबाहेर

वाटेत एक ओढा आहे, रेकीत पाणी घोट्याच्या वर, पोटरीच्या निम्म्यापर्यंत होतं. घ्यावा की टाळावा?

लो_रेंज

त्या दिवशी आधी स्वतः चालत पार व्हा, दोन्ही चाकांच्या रेषांवरून, हातात काठी. तळ खडीचा आणि घट्ट असेल, पाणी सर्वांत कमी उंचीच्या गाडीच्या चाकाच्या मध्याखाली असेल, तर घ्या. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर सगळ्यांनी माघारी, मग कोणाची गाडी कितीही उंच असो. तिथे प्रश्न हवेच्या नळीचा राहत नाही, पाणी गाडी उचलून बाजूला सरकवतं.

चालायचं चालण्याच्या वेगाने, पहिल्याच गिअरमध्ये, मध्ये गिअर बदलायचा नाही. बंपरपुढे छोटी लाट तयार होते, तिच्या मागे राहायचं. घाई केली की ती लाट उसळून बॉनेटवर येते आणि पाणी पानादादांनी बोट ठेवायला लावलेल्या तोंडात जातं. आत जाण्याआधी पाच मिनिटं थांबा. तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. बाहेर आल्यावर ५० मीटर ब्रेक हलका दाबत न्या, डिस्क कोरड्या होतात.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही. पाणी दबत नाही, पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि गाडी धुऊन चालणाऱ्या दुरुस्तीवरून इंजिन उघडण्यावर जाते. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. ओला असेल तर तिथून पुढे मेकॅनिकच. पार होणारी प्रत्येक गाडी पलीकडचा काठ आणखी ओला करत जाते, म्हणून टू-व्हीलवाल्यांना शेवटी नाही, लीडच्या पाठोपाठ सोडा.

चाकोरीबाहेर

ठरलं ते असं. ७-७ चे दोन ताफे, २२ किमी कच्ची वाट, पाच अडथळे. वाळूच्या टप्प्याला बुटक्या टायरवाल्यांसाठी बाजूची वाट. मुरमावर सगळे २७ वर, दोन्ही ताफ्यांना एकाच बनावटीचं गेज. ओढा चाकाच्या मध्याखाली असेल तरच, नाहीतर आल्या वाटेने परत. मेळाव्यात जे हूक फिरवून दाखवणार नाहीत किंवा लॉक नटची चावी आणणार नाहीत, ते ड्राइव्हला नाहीत. सामान दोन्ही स्वीपमध्ये सारखंच. पाचवी फोर बाय फोर दुसऱ्या ताफ्यात ठेवतोय.

शेवटची_गाडी

पाचवी पहिल्या ताफ्यात घ्या. पहिल्यात कोणी अडकलं तर दुसरा ताफा अर्ध्या तासाने मागून येतोच, पण तो वाटेच्या मागच्या बाजूला असतो आणि अरुंद चाकोरीत रुतलेल्या गाडीला ओलांडून पुढे जाता येत नाही. मोकळी गाडी पुढच्या बाजूला हवी. आणि "एकाच बनावटीचं" नाही, एकच गेज: पहिल्या ताफ्याची हवा सोडून झाली की तेच दुसऱ्याच्या हातात द्या.

पाना_एकोणीस

आणि मेळाव्याला मोजे-बूट घालून यायला सांगा. चप्पल घालून जॅकशेजारी उभा राहणारा एक तरी असतोच.